सरवा

एडिंबरात लेकीकडे येऊन मला आठ दिवस झाले, तरी आईचा प्रश्न काही बदलेना. इथं दुपार कलली की परभणीत तिची रात्रीची भाकर झालेली असायची. मग फोन. "जेवलीस का, थंडी हाय का" हे उरकलं की लगेच, "शेतं दिसली का गं?" मी तिला किल्ला दाखवला, समुद्र दाखवला, दगडी गल्ल्या दाखवल्या. तिला त्याचं काही नव्हतं. ऐंशी ओलांडलेली बाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेली. कुठल्याही मुलखाची ओळख तिला तिथल्या पिकावरूनच पटते.

म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मायलेकी ईस्ट लोदियनला निघालो. एडिंबराच्या पूर्वेला, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला लॅमरम्यूरचे डोंगर, त्यांच्यामधला हा सुपीक पट्टा. १९२१ पर्यंत याला हॅडिंग्टनशायर म्हणत. स्कॉटलंड बघायला येणारी माणसं सहसा उत्तरेला जातात, सरोवरं आणि उंच डोंगर शोधत. मला इथंच यायचं होतं, आणि तेही एका कबरीसाठी. मळणीयंत्र ज्यानं बनवलं तो माणूस या जिल्ह्यातल्या ईस्ट लिंटन नावाच्या गावात पुरलेला आहे, हे मी कधीतरी वाचलं होतं आणि ते डोक्यातून गेलं नव्हतं.

ईस्ट लिंटनला आता पुन्हा रेल्वे थांबते. १९६४ साली बंद झालेलं तिथलं स्टेशन डिसेंबर २०२३ मध्ये नव्यानं उघडलं. एडिंबराहून जेमतेम अर्धा तास. खिडकीतून दिसत होतं ते सगळं पिकलेलं होतं. गहू, सातू, मध्येच बटाट्याचा काळसर हिरवा चौकोन, काटेरी झुडपांची कुंपणं. लांब समुद्रात बास रॉकचा खडक पक्ष्यांनी पांढरा झालेला. दुसरीकडे ट्रॅप्रेन लॉची एकटी टेकडी, बसल्या बैलाच्या वशिंडासारखी. आपल्याकडे त्या आठवड्यात सोयाबीनच्या शेंगा नुकत्या भरत असतात. इथं सुगी अर्ध्यावर आलेली. मी मोजायला लागले. पहिल्या दहा शेतांत माणूस दिसला नाही. अकराव्यात एक कंबाइन, म्हणजे कापणी आणि मळणी एकदमच करणारं यंत्र, चाललं होतं, मागं धुळीचा लोट, आणि काचेच्या खोपटात बसलेला एकच जण.

लेक म्हणाली, "किती छान, शांत आहे ना?" शांत होतंच. पण एवढं पीक आणि एवढी शांतता एकत्र बघायची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती.

गाव छोटं आहे. टाइन नदी (न्यूकॅसलची नव्हे, ही इथलीच वेगळी) खडकांवरून जिथं खाली उडी घेते तिथं ते वसलंय. 'लिन' म्हणजे धबधबा, त्यावरून लिंटन. लालसर दगडाची घरं, वर लाल कौलं. ही कौलं पूर्वी समुद्रापलीकडून, हॉलंडच्या बाजूनं व्यापाराबरोबर आली आणि पुढं इथंच भाजली जाऊ लागली. कौलारू घरांची ती ओळ बघून मला एकदम ओळखीचं वाटलं.

प्रेस्टनकर्कचं चर्च गावाबाहेर पाच मिनिटांवर आहे. अँड्र्यू माइकल तिथं पुरलेला. जन्म १७१९, मृत्यू १८११. पेशानं गिरणी दुरुस्त करणारा कारागीर, जवळच्याच ह्यूस्टन मिलमध्ये राहायचा. १७८६च्या सुमाराला त्यानं चालेल असं मळणीयंत्र उभं केलं, १७८८ मध्ये पेटंट मिळालं. पैसा मात्र त्याला फारसा मिळाला नाही. म्हातारपणी लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली होती.

त्याच्या आधी आणि नंतर पुष्कळ वर्षं इथली मळणी हातानं व्हायची. लांब काठीला चामड्याच्या वादीनं एक आखूड दांडकं बांधलेलं असायचं, आणि कोठाराच्या फरशीवर पेंढ्या पसरून दोघं जण आलटून पालटून ते आपटत बसायचे. पावसाच्या मुलखात उघड्यावर खळं करणार कुठं? म्हणून मळणी घरात, आणि सगळा हिवाळाभर. बाहेर बर्फ पडत असताना मजुराच्या हाताला तेवढंच काम असायचं. माइकलनं काय केलं, तर दोन खाचेदार रुळांमधून पेंढी आत ओढली आणि आत वेगानं फिरणाऱ्या ड्रमवर पट्ट्या बसवल्या. त्या पट्ट्या कणसातून दाणा झटकून काढायच्या. आधी हे यंत्र पाण्यावर आणि घोड्यांवर चालायचं, पुढं वाफेवर. या जिल्ह्यातल्या जुन्या शेतवाड्यांवर अजून विटांची उंच धुराडी उभी दिसतात, ती त्या वाफेच्या इंजिनांची. आणि आम्ही सकाळी गाडीतून पाहिलेल्या कंबाइनच्या पोटातसुद्धा फिरतो तो त्याच कल्पनेचा ड्रम.

हे यंत्र इंग्लंडच्या दक्षिणेत पसरलं तेव्हा १८३० साली तिथल्या शेतमजुरांनी कोठारांत शिरून यंत्रं फोडली. हिवाळ्याची भाकरी गेली होती त्यांची.

आमच्या गावात मळणीयंत्र आलं तेव्हा मी तिसरीत होते. ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर चालणारं, निळं. आम्ही पोरं दिवसभर भोवती नाचलो. त्याच्या आधीचं खळंही मला आठवतं. शेणानं सारवलेली गोल जमीन, मधोमध तिवड्याचा खांब, त्याला जुंपलेली बैलांची पात गोल गोल फिरतेय, आणि संध्याकाळी वारा सुटला की वावडीवर चढून माझी आई पाटी डोक्याच्या वर धरून उपणतेय. भुसा एकीकडे, दाणा पायाशी. वारा पडला की ती तशीच पाटी धरून उभी राहायची, वाट बघत. त्या खळ्यावरची मजुरी धान्यात मिळायची. यंत्र आलं त्या वर्षी आई घरी लवकर आली आणि ओट्यावर बसून राहिली. तिनं यंत्राला शिव्या दिल्या नाहीत. "बरं झालं, बैलाचे हाल वाचले," एवढंच म्हणाली. पण त्या साली आमच्या कणगीत ज्वारी अर्धी होती, हे मला पक्कं आठवतंय.

तर त्या दगडासमोर मी उभी राहिले. राग नव्हता. ज्याच्या हातातून एवढी मोठी गोष्ट निघाली आणि परभणीपर्यंत पोचली, त्या माणसाला एकदा भेटावंसं वाटलं होतं, इतकंच. पायाशी डेझीची फुलं होती. लेकीनं दोन खुडून दगडावर ठेवली.

चर्चपासून पुढं नदीकाठानं प्रेस्टन मिल लागते. पाण्यावर चालणारी धान्याची गिरणी. या जागी सोळाव्या शतकापासून गिरणी आहे. आताची इमारत अठराव्या शतकातली. १९५९ पर्यंत इथं धंदा म्हणून दळण चाललं. तिचा टोकदार, शंकूच्या आकाराचा कौलारू माथा लांबून एखाद्या मातीच्या रांजणावर झाकण ठेवावं तसा दिसतो. तो माथा म्हणजे धान्य वाळवायची भट्टी. इथलं ओट ओलसरच घरी येतं. खाली विस्तव ठेवून, वरच्या मजल्याच्या भोकं पाडलेल्या जमिनीवर ते पसरून शेकल्याशिवाय दळताच येत नाही. ऊन फुकट मिळणाऱ्या देशातल्या बाईला हे समजायला वेळ लागतो. आपण अंगणात चवाळं टाकून जे करतो, त्यासाठी या लोकांना इमारत बांधावी लागली.

आणि दळण कुठं दळायचं हेही जुन्या काळी कुळाच्या हातात नव्हतं. जमीनमालकाच्या गिरणीलाच धान्य न्यायचं, आणि तिथं त्यातला वाटा द्यायचा. तसा कायदाच होता. नदीवरचा छोटा पूल ओलांडला की शेतापलीकडे फँटॅसीचा डूकट दिसतो. डूकट म्हणजे कबुतरखाना: जाड भिंतींचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गोल बुरूज, आत पाचशे खोबणी. कबुतरं जमीनदाराच्या जेवणासाठी. ती दाणे मात्र टिपायची भोवतालच्या कुळांच्या शेतातले, आणि कुळानं त्यांना दगड मारायचा नाही. मी आत डोकावले. वरून उजेडाचा एक पट्टा खाली उतरत होता आणि भिंतभर रिकामी घरटी. सुंदर वास्तू आहे, यात शंका नाही. मला आपली त्या पाचशे घरट्यांमधल्या तोंडांची गणती सुचत राहिली.

हा सगळा देखावा, म्हणजे ही सरळ कुंपणं, मोठमोठी चौकोनी शेतं, आखल्यासारखी गावं, अनादि काळापासून असाच असेल असं बघणाऱ्याला वाटतं. तसं नाही. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी इथं लांब चिंचोळ्या पट्ट्यांची शेती होती, एकेका कुटुंबाचे पट्टे इथंतिथं विखुरलेले, मधे गवताचे बांध. अठराव्या शतकात जमीनदारांनी 'सुधारणा' हाती घेतली. जवळच्या ऑर्मिस्टनच्या जॉन कॉकबर्ननं १७३० च्या दशकात कुळांना लांब मुदतीचे भाडेपट्टे दिले, कुंपणं लावायला लावली, गाव नव्यानं आखलं; त्या खर्चात तो बुडाला आणि त्याला जमीन विकावी लागली, पण त्याचं बघून बाकीचे शिकले. टिनिंगहॅममध्ये जमीनदाराच्या वाड्याभोवतालचं आवार मोठं करायचं म्हणून अख्खं गाव उचलून दुसरीकडे नेलं. जुन्या चर्चचे अवशेष तेवढे मागं राहिले. गिफर्डचंही तसंच, जुनं वाड्याजवळचं गाव हलवून नवं वसवलेलं. आज ही दोन्ही गावं बघायला लोक येतात, आणि ती बघण्यासारखी आहेतच.

पीक वाढलं, हे खरं. हॅडिंग्टनचा धान्यबाजार नावाजला, १८५४ मध्ये तिथं मोठं कॉर्न एक्स्चेंज उभं राहिलं. पण जमीन कसणाऱ्याची झाली नाही. फेंटन बार्न्सचा जॉर्ज होप हा आपल्या काळात सगळ्या ब्रिटनमध्ये गाजलेला शेतकरी. लांबून लोक त्याची शेती बघायला यायचे. १८६५ मध्ये तो लिबरल उमेदवार म्हणून निवडणुकीला उभा राहिला आणि हरला. पुढं भाडेपट्ट्याची मुदत संपत आली तेव्हा मालकानं तो वाढवून दिला नाही. तीन पिढ्या कसलेलं रान सोडून त्याला जावं लागलं, आणि १८७६ मध्ये तो वारला. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर ज्याचं नाव कुठंच लिहिलेलं नाही त्याचं काय झालं असेल?

त्याचं उत्तर मला नदीकाठच्या वाटेवर मिळालं. हेल्सच्या पडक्या किल्ल्याकडे जाताना एका शेतवाडीशेजारी सहा बैठ्या घरांची ओळ होती. सगळी एकसारखी. पाच घरांसमोर चकचकीत गाड्या. सहाव्यासमोर एक म्हातारी गुलाबाच्या वाळक्या फांद्या छाटत होती. लेकीनं वाट विचारली. "हेन, ती वाट तर मागं राहिली," ती म्हणाली. हेन म्हणजे कोंबडी, पण इथल्या बायका आपण 'बाळा' म्हणावं तसं म्हणतात. बोलता बोलता तिला कळलं की मी शेतमजुरांच्या घरातली. तिनं कात्री खाली ठेवली आणि आम्हाला बाकावर बसवलं.

तिचा बाप हाइंड होता. हाइंड म्हणजे घोड्यांचं औत हाकणारा, बायकोमुलांसकट वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. पूर्वी, तिच्या आजाच्या काळात, त्याची मजुरी बहुतेक धान्यातच असायची: इतकं ओट, इतका सातू, इतका वाटाणा, एका गाईचा चारा, बटाट्याची एक पट्टी आणि राहायला या ओळीतलं एक घर. घराच्या भाड्यापोटी बायकोनं सुगीत फुकट राबायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजाराच्या गावात गडी ठरवायची जत्रा भरायची. मालक आणि गडी रस्त्यावरच बोली करायचे. आणि बोली जुळली नाही, की मे महिन्यात 'फ्लिटिंग'. म्हणजे बिऱ्हाड हलवणं. नवा मालक गाड्या पाठवायचा. त्यावर लाकडी पेटीपलंग, घड्याळ, कोंबड्यांची खुराडी, सगळ्यात वर पोरं. त्या एका आठवड्यात सगळ्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर अशा गाड्यांची रांग लागायची.

"माझ्या आईनं अकरा वेळा घर हलवलं," ती म्हणाली. "प्रत्येक घरी पडदे नव्यानं कापावे लागायचे."

मला काही सुचेना. माझे आजोबा, आईचे वडील, सालगडी होते. पाथरी-मानवतच्या पट्ट्यात त्यांनी किती सालं काढली त्याची गणती नाही. पाडव्याला साल फिटायचं. लोक दारात गुढी उभारायचे आणि आजी पाटा-वरवंटा गोणपाटात गुंडाळायची. नव्या मालकाची बैलगाडी यायची, तिच्यावर जातं चढवायचं, दोन पोती, एक ट्रंक, आणि वर आई नि तिची भावंडं. बोलीत इतक्या मण ज्वारी, धोतरजोडी, एक घोंगडी, वहाणा. आई सांगते, नव्या गावात पोचलं की आजी आधी तीन दगड मांडून चूल करायची, मग उरलेलं घर. शाळा कुठलीच पुरी झाली नाही. म्हणून मला शाळेत घालताना आईचा हट्ट होता की आता गाव बदलायचं नाही.

हे मी सगळं मराठीत भडाभडा बोलून गेले, आणि लेकीनं ते तिला सांगितलं. म्हातारी बराच वेळ माझा हात धरून बसली होती.

मग तिनं घरातून एक फोटो आणला. तिची आजी, शेतात. डोक्याला रुमाल बांधून त्यावर काठ वळवलेली गवती टोपी, अंगात जाड झगा, कमरेला गोणपाटाचा ओटा, हातात खुरपणीचं लांब दांड्याचं औजार. ती 'बाँडेजर' होती. स्कॉटलंडच्या या आग्नेय कोपऱ्यात आणि सरहद्दीपलीकडे नॉर्थंबरलंडमध्ये हा रिवाज होता: हाइंडला काम हवं असेल तर त्यानं आपल्याबरोबर शेतात राबायला एक बाई आणायचीच. घरात मोठी पोरगी असली तर ती. नसली तर बाहेरची मुलगी आणून तिला आपल्याच एका खोलीच्या घरात ठेवायची, पोसायची. सलगमची विरळणी, दगड वेचणं, शेणखत पसरणं, थंडीत बर्फाळलेले सलगम उपटून पात छाटणं, सगळं या बायकांकडे. १८६० च्या दशकात हाइंड लोकांनी या अटीविरुद्ध सभा घेतल्या आणि हळूहळू ती सुटली. पण बायकांचं शेतातलं काम विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालू राहिलं.

फोटोतल्या बाईचे हात मी बघत होते. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा बाहेर वळलेला. माझ्या आईचा अंगठा अस्साच आहे. खुरपं धरून होतो तो.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॅडिंग्टनला गेलो. सेंट मेरीचं चर्च भव्य आहे, स्कॉटलंडमधल्या गावचर्चांत सगळ्यांत लांब. १५४८ च्या वेढ्यात त्याची नासधूस झाली आणि अर्धा भाग चारशेहून जास्त वर्षं छपराविना उभा होता. १९७० च्या दशकात तो पुन्हा शाकारला. नुनगेटचा जुना पूलही पाहिला. पण माझं चित्त त्या मोठ्या रस्त्यावर होतं. इथंच फेब्रुवारीच्या थंडीत गडी उभे राहायचे, बोली लागायची वाट बघत. आता तिथं कॉफीची दुकानं आहेत. या रस्त्यावर कोण उभं राहायचं हे सांगणारी एखादी पाटी असावी असं मला फार वाटलं. मला तरी ती दिसली नाही. जमीनदारांची नावं जागोजाग होती.

परतताना ईस्ट लिंटनच्या अलीकडेच उतरलो आणि चालत निघालो. काल ज्या शेतात कंबाइन होतं ते आता मोकळं झालं होतं. सातूचं रान. नुसती खुंटं आणि पेंढ्यांचे मोठे गोल गठ्ठे, त्यांच्या सावल्या लांब पडलेल्या. मला आत जायचं होतं. मी थबकले, कारण दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकताना आमचे पाय आपोआप थबकतात. लेक म्हणाली, "जा गं, इथं चालतं." २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये कुणालाही रानातून जाता येतं, उभ्या पिकात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही, एवढंच. कापणी झालेल्या शेताला आडकाठी नाही.

खुंटं घोट्याला टोचत होती. तेवढ्यात फोन वाजला. आई.

मी कॅमेरा वळवला आणि फोन हळूहळू फिरवला. कुंपण, गठ्ठे, ट्रॅप्रेनची टेकडी, पुन्हा रान. आई काही बोलेना. मला वाटलं रेंज गेली.

"लई मोठं हाय गं," ती शेवटी म्हणाली. "काय व्हतं यात?"

"सातू."

"खाली धर जरा. भुईकडं."

मी फोन जमिनीजवळ नेला. खुंटांच्या मधे, यंत्राच्या चाकांनी दबलेल्या पट्ट्यात, कणसं पडलेली होती. लांब कुसांची, पिवळी, भरलेली.

"आता गं बाई," आई म्हणाली. "सरवा कोण येचतंय तिथं?"

"कुणी नाही, आई."

"असंच सोडतेत?"

"असंच."

ती पुन्हा गप्प झाली. दर सुगीनंतर आजीबरोबर, मग आमच्याबरोबर, ती रानोमाळ सरवा, म्हणजे कापणीत मागं राहिलेली कणसं, वेचत फिरली होती. ओट्यात मावेल तेवढा. त्यावर आमचे महिने निघाले होते.

मी फोन लेकीच्या हातात दिला, ओढणी सोडून कमरेला ओटा बांधला आणि खाली वाकले. लेक आधी बघत राहिली. मग तिनं फोन एका गठ्ठ्याला टेकवून उभा केला, आजीला दिसेल असा, आणि माझ्या शेजारच्या ओळीत वेचायला लागली.

"कुसं हाताला लागतेत," फोनमधून आवाज आला. "बुडाकडून धर तिला सांग, बुडाकडून."